‘टॅली येते’ एवढ्यावर सरकारी अकाउंटची नोकरी मिळत नाही, मग दाखवायचं काय?

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा आला, बी.कॉम. झालेला, हातात बायोडाटा, म्हणाला ताई जरा बघ की, तालुक्याच्या ऑफिसात कंत्राटी अकाउंटंटची जागा सुटलीय. बघितलं तर वर नाव, जन्मतारीख, खाली दहावी बारावी डिग्रीचे टक्के, आणि मग ‘कौशल्ये’ म्हणून तीन शब्द, टॅली, एक्सेल, मेहनती. मी म्हटलं अरे आत्ता काय करूलास? तर म्हणे सोसायटीत बसतो, तीन वर्षं झाली. तीन वर्षं रोज कॅश बंद करतो, ऑडिटरला कागद काढून देतो, आणि बायोडाटात त्याचा एक शब्द नाही. का तर म्हणे ते काय ओ ताई, ते तर साधं काम.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडे हीच गत आहे. पतसंस्था, दूध डेअरी, तंबाखूचं गोडाऊन, मार्केटातली अडत, कुठे ना कुठे पोरं हिशेब लिहितात, चांगले लिहितात, पण सरकारी जागेसाठी अर्ज करताना ते सांगायचं कसं हे कुणी शिकवत नाही. मी स्वतः आठ वर्षं या चक्रात आहे, आधी पतसंस्थेत आणि मग एका सरकारी योजनेच्या ऑफिसात कंत्राटी, म्हणून जे कळलंय ते लिहिते.

पहिलं म्हणजे कुठल्या जागेला काय दाखवायचं असतं तेच वेगळं असतं. एफडीए, एसडीए म्हणजे प्रथम आणि द्वितीय दर्जा सहाय्यक, ग्रामपंचायतीतला द्वितीय दर्जा लेखा सहाय्यक, रेल्वेचा अकाउंट्स क्लार्क किंवा ज्युनिअर अकाउंट असिस्टंट, एसएससी सीजीएल म्हणजे केंद्राच्या पदवीधर भरती परीक्षेतला ऑडिटर आणि अकाउंटंट, इथे मुलाखत नसते, केंद्राने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रितच्या मुलाखती बंदच केल्या. तिथे तुमचं कौशल्य म्हणजे पेपरातले मार्क आणि नंतर कागदपत्र तपासणी, आणि रेल्वेच्या त्या दोन पदांना वर टायपिंगची परीक्षा, इंग्रजी ३० किंवा हिंदी २५ शब्द मिनिटाला. रेल्वेची ती परीक्षा मराठीतून देता येते, आपल्या बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. पण आरोग्य अभियान, संजीविनी म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण उपजीविका अभियान, विद्यापीठातले प्रोजेक्ट, असल्या कंत्राटी जागांना मुलाखत असते, बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर प्रॅक्टिकल पण असतं, आणि अनुभवाचे मार्क असतात. मी पुढे जे लिहिणार ते जास्त करून या दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण गोंधळ तिथे होतो.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, तीही माझ्याच फजितीची. माझी पहिली मुलाखत. टेबलावर एक कागद ठेवला, कॅशबुकप्रमाणे बँकेतली शिल्लक ८४,३६० आणि पासबुकात ९१,६३०, खाली दोन्हीकडच्या पंधरावीस नोंदी, आणि म्हणाले जुळवा, वीस मिनिटं. फरक ७,२७०. मी पतसंस्थेत हे दर महिन्याला करायचे त्यामुळे खुशीत. ७,५०० चा एक चेक दिलेला पण बँकेत वटला नव्हता, तो सापडला. बँकेने ५०० चार्जेस कापलेले पण कॅशबुकात नव्हते, तेही सापडले. ७,५०० वजा ५००, ७,००० झाले. राहिले २७०. पाच मिनिटं शोधलं, सापडेना, घड्याळ दिसतंय, शेवटी मी खाली लिहिलं ‘इतर जमा २७०’ आणि जुळवून टाकलं. छान रेघ वगैरे मारून दिलं.

समोरच्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, हे इतर म्हणजे काय? मी गप्प. त्या म्हणाल्या २७० ला नऊने भाग जातो ना, मग आधी काय बघायचं? तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, फरकाला नऊने भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिलेत का ते बघायचं. पावती होती ६३० ची आणि कॅशबुकात लिहिलेली ३६०. कागदावर समोरच होती. जागा गेली अर्थातच. पण गेली ती २७० सापडले नाहीत म्हणून नाही, मी ते बळंच जुळवले म्हणून. खाजगीत मालक म्हणतो जाऊदे गं २७० साठी दिवस घालवू नको, आणि ते त्याच्या जागी बरोबर पण आहे, पैसा त्याचा आहे. सरकारी पैशात न जुळलेला आकडा उघडा ठेवलात तर चालतो, ‘२७० चा फरक, शोध चालू’ असं लिहिलं असतं तर कदाचित मार्क मिळाले असते, पण झाकलात की संपलं. पुढे मी ज्या ऑफिसात लागले तिथेही हेच बघितलं, ऑडिटवाले न जुळलेल्या हिशेबावर एक आक्षेप लिहितात आणि झाकलेल्यावर चार.

तर त्या कागदाचं बरोबर उत्तर असं होतं, कॅशबुकात दोन दुरुस्त्या, २७० जमा आणि ५०० खर्च, म्हणजे दुरुस्त शिल्लक ८४,१३०, त्यात न वटलेला चेक ७,५०० मिळवला की ९१,६३०, पासबुकाशी बरोबर. आणि दुरुस्ती करताना ३६० वर ६३० गिरवायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच नाही, एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, आणि तो दिवस बंद होऊन गेला असेल तर आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद करून साहेबांची सही. हे एवढं तोंडी सांगता आलं तरी समोरच्याला कळतं की या माणसाने खरंच कॅशबुक हाताळलीय.

बायोडाटा कसा लिहायचा

पोराच्या बायोडाटाचं आम्ही काय केलं ते सांगते. आधी होतं, ‘सोसायटीत अकाउंट्सचं सर्व काम पाहतो’. सर्व काम म्हणजे काय? मी त्याला विचारत गेले आणि तो सांगत गेला, दिवसाला किती पावत्या, साठ-सत्तर, कॅश कोण मोजतं, मी आणि मॅनेजर दोघं, बँक खाती किती, दोन, जुळवणी कधी, महिन्याला, मागच्या ऑडिटला किती मुद्दे निघाले, अकरा, किती मिटवले, नऊ. झालं की. लिहिलं, ‘सहकारी पतसंस्था, जून २०२३ पासून. दररोज ६०-७० पावत्यांची रोख वही लिहून त्याच दिवशी बंद करणे, दोन बँक खात्यांची मासिक जुळवणी, वार्षिक लेखापरीक्षणातील ११ पैकी ९ आक्षेपांची पूर्तता त्याच वर्षात.’ बस, तीन ओळी. मेहनती शब्द काढून टाकला, नऊ आक्षेप मिटवलेत म्हटल्यावर मेहनती आहे हे कळतंच.

काम, आकडा, आणि शेवटी काय झालं, हे तिन्ही आलं पाहिजे. पण आकडा खरा पाहिजे. मुलाखतीत हमखास विचारतात ते दोन आक्षेप का राहिले, तर उत्तर तयार पाहिजे, आमच्या पोराचं उत्तर होतं एका कर्जदाराच्या जामीनदाराची सही जुनी होती, आणि दुसऱ्यात व्याजाचा दर ठरावाशी जुळत नव्हता, मीटिंग व्हायची होती. हे उत्तर मला तर त्या नऊपेक्षा जास्त आवडलं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर नुसतं टॅली नका लिहू, टॅलीत काय केलं ते लिहा, व्हाउचर एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी रिटर्नचा डेटा काढणं. आणि टॅली ईआरपी ९ शिकलेला असाल तर टॅलीप्राइम एकदा उघडून बघा, प्रॅक्टिकलला तेच असतं आणि पोरं शॉर्टकट शोधत बसतात. एक्सेलमध्ये सम, सम-इफ, व्हीलुकअप आणि पिव्होट एवढं हातात पाहिजे, बाकी फुलं-पानं नकोत.

आता अनुभव नसेल तर? नुकतीच डिग्री झालीय, घरी बसलाय. तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा जमाखर्च लिहा. हसू नका, खरंच सांगते. बेळगावात मंडळांना काय कमी आहे का, पावतीपुस्तकं सहा, वर्गणी रोख आणि फोनपे दोन्ही, मंडपवाला, लाइटवाला, महाप्रसाद, सगळी बिलं सुट्ट्या कागदावर. त्याची पावतीवार नोंद, प्राप्ती व शोधन खातं म्हणजे आलेल्या-गेलेल्या पैशाचा गोषवारा, शिल्लक, बँकेशी जुळवणी, अध्यक्ष आणि खजिनदाराची सही, हे नीट फाइल केलं की तुमच्याकडे दाखवायला एक काम झालं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने मुलाखतीला बचत गटाचं लेजर नेलं होतं, आईच्या गटाचं, पाच वर्षांचं तिने परत लिहिलेलं, पॅनेलवरचे साहेब दहा मिनिटं ते चाळत बसले होते म्हणे, तिला दुसरा प्रश्नच नाही.

अजून एक फुकटची शाळा म्हणजे ग्रामपंचायतीची जमाबंदी. कर्नाटकात दरवर्षी पंचायतीचे हिशेब आणि कामं लोकांसमोर तपासायची असतात, त्याला जमाबंदी म्हणतात, बहुतेक लोक जातच नाहीत. तुम्ही जाऊन बसा, वही घेऊन. आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी वेबसाइटवर तुमच्या पंचायतीचं पान उघडलं की वित्त आयोगाच्या पैशातून कुठलं व्हाउचर कधी निघालं ते घरबसल्या दिसतं. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या काळात पंचायतीच्या अनुदानातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि ४० टक्के अबंधित. हे ज्याला माहीत आहे तो मुलाखतीत म्हणू शकतो की साहेब मी आमच्या पंचायतीची वीस व्हाउचरं बघितली, गटारीचं काम कुठल्या भागातून गेलं ते बघितलं. असं बोलणारा उमेदवार मी पॅनेलवर असते तर लगेच बाजूला काढला असता.

सरकारी भाषेत बोलायचं

खाजगीतून आलेल्यांची खरी अडचण इथे होते. दुकानात प्रश्न असतो नफा किती, उधारी किती. सरकारी टेबलावर प्रश्न असतो मंजुरी कुणाची, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून म्हणजे बजेटातल्या कुठल्या खात्यातून, आणि कागद कुठे. एकच बिल घेऊन सांगते म्हणजे कळेल, कारण हे मला प्रॅक्टिकलला आलं होतं आणि दुसऱ्यांनाही आलेलं ऐकलंय.

समजा ऑफिसातल्या कॉम्प्युटर-प्रिंटरच्या देखभालीचं सुट्या भागांसकट कंत्राट आहे, एकट्या मालकाची फर्म, बिल ३,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४,०००, एकूण ३,५४,०००. खाजगीतला माणूस म्हणेल चेक काढा. तुम्ही म्हणायचं, आधी मंजुरीचा आदेश बघते, त्या शीर्षाखाली तरतूद शिल्लक आहे का बघते, काम झाल्याचा आणि सुटे भाग मिळाल्याचा दाखला, स्टॉक रजिस्टरला नोंद, मग बिलाचं गणित, मग कपात. आयकर टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवायचा कर, व्यक्ती असल्यामुळे १ टक्का, तोही जीएसटी वेगळा दाखवलाय म्हणून ३,००,००० वरच, म्हणजे ३,०००. कंपनी असती तर २ टक्के. शिवाय सरकारी ऑफिसाला जीएसटीचा पण टीडीएस कापावा लागतो, कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के, म्हणजे ६,०००. हातात जाणार ३,४५,०००. आयकराचा भरणा, जीएसटीआर-७ म्हणजे जीएसटी टीडीएसचं रिटर्न, ठेकेदाराला सर्टिफिकेट, हे सगळं पुढचं. बी.कॉम.च्या पोरांना आयकराचा टीडीएस येतो, जीएसटीचा टीडीएस दहातल्या आठांना येत नाही कारण दुकानात तो सहसा कापावाच लागत नाही. हा एक मुद्दा पाठ करून गेलात तरी फरक पडतो. आणि जुन्या सवयीने १९४सी, म्हणजे जुन्या कायद्यातलं कंत्राटाच्या टीडीएसचं कलम, म्हणत बसू नका, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, दर सांगा आणि नवं कलम बघून जा.

लेखाशीर्षाचं पण थोडं बघून ठेवा. पहिले चार आकडे म्हणजे मुख्य शीर्ष, २ किंवा ३ ने सुरू झालं तर महसुली खर्च, ४ किंवा ५ ने तर भांडवली, ६ किंवा ७ कर्ज आणि अग्रिम, ८ लोकलेखा, ० किंवा १ असेल तर महसुली जमा. २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य. ज्या खात्यात अर्ज करताय त्याचं मुख्य शीर्ष एवढं तरी माहीत पाहिजे. आणि राज्य सरकारचे हिशेब रोख पद्धतीने असतात, पैसा आला-गेला तेव्हाच नोंद, पण कर्नाटकातल्या नगरपालिका-महापालिकांना २००६ च्या लेखा आणि अंदाजपत्रक नियमांप्रमाणे दुहेरी नोंद पद्धत आहे, पंचायतींचे हिशेब पंचतंत्र सॉफ्टवेअरवर दुहेरी पद्धतीनेच होतात. म्हणजे बी.कॉम.चं शिकलेलं नगरपालिकेत-पंचायतीत जास्त कामाला येतं, हे तुम्ही स्वतःहून म्हणा, विचारायची वाट बघू नका. बिलं ट्रेझरीला खजाने-२ मधून जातात, केंद्राच्या योजनांचा पैसा पीएफएमएसवर दिसतो, पगार एचआरएमएसवर. तुम्ही ते वापरलेलं नसणार, कुणीच वापरलेलं नसतं बाहेरून येताना, वापरलंय असं खोटं सांगू नका, नाव आणि काम कशाचं एवढं माहीत असलं की बास. पुस्तकं म्हणाल तर कर्नाटक वित्त संहिता १९५८ आणि खरेदीचा पारदर्शकता कायदा १९९९, एवढी दोन नावं आणि आत काय आहे त्याचा अंदाज.

कन्नडचं काय

आता सगळ्यांच्या मनातलं. केपीएससी म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला सक्तीचा कन्नड पेपर आहे, १५० मार्कांचा, ५० पडले की पास, ते मार्क मेरिटला धरत नाहीत पण नापास झालात तर बाकीचं कोण बघतच नाही. कुणाला सूट आहे ते जाहिरातीत असतं, नीट वाचा, शेजाऱ्याचं ऐकून सोडू नका. बँकेच्या क्लार्क भरतीत पण कर्नाटकातल्या जागेला कन्नड लागतंच. राजकारण काय ते असूदे, माझं स्वतःचं मत काय आहे ते घरात सांगते, पण हिशेबाचं कन्नड आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही ओ. बघा ना, जमा-खर्च तिकडे पण जमा-खर्चु, बाकी तीच बाकी, अनुदान तेच अनुदान, रसीद ती रसीदि, फाइलवरची टिप्पणी ती टिप्पणी. शिल्लकला ‘शिल्कु’ म्हणतात, मला पहिल्यांदा ऐकून हसूच आलं, आपलाच शब्द फिरून आलाय. बजेटला आयव्यय, लेखाशीर्षाला लेक्क शीर्षिके, कॅशबुकला नगदु पुस्तक. नवीन शिकायचे म्हणाल तर वेच्च म्हणजे खर्च, आदाय म्हणजे उत्पन्न, मुंगड म्हणजे अ‍ॅडव्हान्स, मोत्त म्हणजे रक्कम, लेक्कपरिशोधने म्हणजे ऑडिट, बळके प्रमाणपत्र म्हणजे विनियोग दाखला, युटिलायझेशन सर्टिफिकेट. दहा-पंधरा शब्द आहेत, आठवड्यात होतात.

मुलाखतीत कन्नड अडखळलं तर घाबरू नका, तोडकंमोडकं सुरू करा आणि आकडा आला की आकडा स्पष्ट सांगा. मी ‘मार्च मूवत्तोंदक्के मुंगड बाकी इरबारदु’ म्हणजे ३१ मार्चला अ‍ॅडव्हान्स बाकी राहू नये, एवढं एक वाक्य पाठ करून गेले होते, व्याकरण बरोबर होतं का देव जाणे, पण साहेब हसले आणि पुढचे प्रश्न इंग्रजीतून विचारले.

आणि अनुभवाचा दाखला मराठीत असेल, पतसंस्थेच्या लेटरहेडवर, तर तो कन्नड किंवा इंग्रजीत करून घ्या, त्याच सही-शिक्क्याने. दाखल्यावर पद, कधीपासून कधीपर्यंत, कामाचं स्वरूप, पगार, एवढं पाहिजेच. ‘सदर व्यक्ती आमच्याकडे काम करत होती, वर्तणूक चांगली आहे’ हा अनुभवाचा दाखला नव्हे, तो लग्नाला उपयोगी. पगार बँकेत जमा होत असेल तर ते पासबुकाचं पान, पीएफ असेल तर त्याचं स्टेटमेंट जोडा. बऱ्याच जागांना डिग्रीनंतरचाच अनुभव धरतात, बारावीनंतर दोन वर्षं दुकानात लिहिलं ते बायोडाटात असूदे पण अर्जातल्या वर्षांत मोजू नका, तपासणीत कापलं की सगळा अर्जच संशयाचा होतो.

कागदांचा अजून एक आपल्याकडचाच घोळ. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या मार्कलिस्टवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, ते जिल्ह्याचं असेल तर कुणी अडवत नाही, पण तसाच घोळ तुमच्या नावात असेल, आडनाव पुढे-मागे, वडिलांचं नाव एका कागदावर आहे एकावर नाही, तर आधीच अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. माझ्यासोबतची एक मुलगी मेरिटला वर होती आणि तपासणीच्या दिवशी स्टॅम्पपेपर शोधत कोर्टाच्या आवारात फिरत होती.

ज्यांना महाराष्ट्रातल्या जागा करायच्या आहेत त्यांच्यासाठी, तिकडे जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक लेखा, वरिष्ठ सहाय्यक लेखा, कनिष्ठ लेखाधिकारी अशी पदं असतात, कोषागारात कनिष्ठ लेखापाल. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो, जाहिरातीत तो परिच्छेद शोधा आणि दाखला कुणाच्या सहीचा मागितलाय ते बघून आधीच काढायला टाका, अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. तिकडे शब्द वेगळे, पगाराचं सेवार्थ, बजेटचं बीम्स, बाकी बिल ते बिलच.

मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, जरा फिरवून विचारतात. ३१ मार्च आहे, संध्याकाळ, पैसा आज खर्ची पडला नाही तर परत जाणार, साहेब म्हणतात बिल काढ, पण माल आलेला नाही, नुसतं बिल आलंय. काय कराल? पोरं दोन टोकांना जातात, एक तर साहेब सांगतील तसं, नाहीतर मी सही करणारच नाही, भ्रष्टाचार वगैरे. दोन्ही उत्तरं ऐकून पॅनेलवाले कंटाळलेले असतात. टिप्पणी लिहायची, की माल प्राप्त नाही, स्टॉकला नोंद नाही, सबब बिल पारित करता येत नाही, शिल्लक रक्कम परत करण्याचा किंवा पुढच्या वर्षी परत मागण्याचा प्रस्ताव सोबत ठेवते, आणि फाइल साहेबांकडे. वरून लेखी आदेश आला तर तो फाइलला लागतो. तोंडी काही नाही. पैसा परत जाणं ही बदनामी वाटते आपल्याला, पण न आलेल्या मालाचं बिल ही वसुली असते, आणि ती पगारातून होते. मी हे जवळून बघितलंय, एका बिचाऱ्या क्लार्कच्या रिटायरमेंटपर्यंत ती फाइल चालली.

जाताना काय न्यायचं ते पोरं विचारतात, एक साधी फाइल, मूळ कागद एका बाजूला, झेरॉक्स सेट दुसऱ्या, आणि मधे तुमच्या कामाचे दोन-तीन नमुने, जुळवणीचा कागद, जमाखर्च, एक्सेलची प्रिंट. फक्त संस्थेचा नमुना असेल तर सभासदांची नावं, खाते नंबर काळे करून न्या. एकाने खरी लेजरची पानं नेली होती, कर्जदारांच्या नावासकट, पॅनेलने ती उलटी ठेवली आणि विचारलं आमच्याकडची पण अशीच बाहेर नेणार का. साधा कॅल्क्युलेटर न्या, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. आणि डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की निम्मी ऑफिसं तिथल्या सुवर्ण विधानसौधच्या कामाला जुंपलेली असतात, त्या दिवसांत निकाल का लागेना म्हणून रोज फोन करू नका.

आमच्या गल्लीतल्या पोराने अर्ज टाकलाय. मुलाखतीची तारीख अजून नाही, म्हणून त्याला सध्या मंडळाच्या मागच्या वर्षीच्या हिशेबाला बसवलाय. १,४४० चा फरक निघालाय, काल रात्री विचारत होता ताई नऊने भाग जातोय, म्हणजे आकडा उलटाच लिहिला असणार ना? म्हटलं असेलच असं नाही, आधी फुलवाल्याची बिलं मोज. दोन बिलं कमी आहेत म्हणे, खजिनदार गोव्याला गेलाय, सोमवारी येणार.